उणे सत्तर

तळघरात अकरा फ्रीझर,
माणसापेक्षा उंच, प्रत्येकाची घुरघुर वेगळी.
मी वही घेऊन फिरते. एक दार, एक मीटर.
यातला एक जितकी वीज खातो
तितक्यात आमचं घर चालतं,
असं मी डीनना सांगितलं तेव्हा ते म्हणाले,
"तुमचं घर लहान असेल."
लहानच आहे.

यंदा ठरलंय : उणे ऐंशीवरून उणे सत्तर.
दहा अंश. एका बोटाचं काम.
पण प्रत्येक बटणापाशी एक संशोधक उभा,
जणू मी त्याच्या बाळाचं पांघरूण ओढतेय.
"आजवर ऐंशीच होतं."
का ऐंशी, ते कुणी सांगेना.
यंत्राला तेवढं जमत होतं, म्हणून ऐंशी.

बॉयलरघरात आइवो
पेचकसाचं टोक वाफेच्या नळाला टेकवतो,
मूठ कानाशी धरतो, डोळे मिटतो.
"इथे गळतंय."
गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्या पोरी
त्याला हसत पुढे जातात.
वसंतात तो निवृत्त होईल.
त्याच्या जागी चाळीस सेन्सर येतायत.
त्यांना मिटायला डोळे नाहीत.

रात्री ऑपरेशन थिएटरात कुणी नसतं,
तरी तासाला वीस वेळा हवा बदलायची.
टेबलासाठी. दिव्यासाठी.
ती आम्ही सहावर आणली.
भूलतज्ज्ञ मारितबाई पहाटे तीनला
कोटाखाली झोपेचे कपडे, तशाच आल्या,
दाराच्या फटीशी धुराची नळी धरली.
धूर बाहेर वळला, आत नाही.
काही बोलल्या नाहीत. दार मात्र हळू लावलं.

सातवा फ्रीझर कुणाचाच नव्हता.
दारावर प्रोफेसर तामसालूंचं नाव,
त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.
बर्फ खरवडून उघडला तर
आत डबे, डब्यांत नळ्या, नळ्यांवर आकडे.
एका डब्यावर पेन्सिलीनं :
पीट कामगार. रक्त. १९९४.

पीट म्हणजे आमच्या दलदलीतली जळाऊ माती.
कापायची, रचायची, उन्हाळाभर वाळवायची.
माझा बाप तीस वर्षं ती कापत होता.
याच इस्पितळाच्या बॉयलरात ती जळायची.
रात्री तो बाहीत खोकायचा,
आम्ही जागे होऊ नये म्हणून.
चौऱ्याण्णव साली चांगला कोट घालून
बसनं तार्तूला आला होता, रक्त द्यायला.
त्यांनी कॉफी आणि एक गोड पाव दिला.
अर्धा पाव त्यानं माझ्यासाठी
रुमालात बांधून आणला. दंडावर कापूस तसाच.

एकशे चार नळ्या. नावं नाहीत.
नावांची वही प्रोफेसरांच्या घरासोबत विकली गेली.

कार्यालयानं फॉर्म पाठवला :
"उपयुक्तता?" पुढे अर्धी ओळ रिकामी.
हा फॉर्म मीच तयार केलाय.
वर्षभर मीच सांगत फिरले सगळ्यांना,
ज्याला वाली नाही ते काढून टाका.
आता बटणापाशी मी उभी होते.

दोन दिवस फॉर्म खिशात.
तिसऱ्या दिवशी बाकीचे डबे
यादी करून नष्ट करायला दिले. सही केली.
एक डबा
तिसऱ्या फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात सरकवला,
कार्टच्या उंदरांच्या यकृतांशेजारी.
कार्टनं विचारलं, "याला काय लिहू?"
"पीट," म्हटलं. "आणि माझा फोन नंबर."

मग सातव्याची वायर ओढली.
घुरघुर थांबायला जरा वेळ लागला.
आइवो जिन्यात होता. आला,
पेचकस काढून दाराला टेकवला, डोळे मिटले.
"काही नाही," म्हणाला. असं म्हणाला की
कुणाची तरी खात्री करून घेतली असावी.

वहीत लिहिलं : क्रमांक सात, बंद, चार वाजून दहा.
तिसऱ्याचा आकडा दारावर लाल दिसत होता.
उणे सत्तर.
बाबांना थंडी कधीच सोसली नाही.
आता दहा अंशांनी कमी.