दोन बोटं

माणूस मागून ओळखता येतो,
हे मला धंद्यानं शिकवलं.
रामकुंडाच्या पायरीवर एकवीस वर्षं वस्तरा चालवतोय.
तोंडं लक्षात राहत नाहीत,
रडून रडून सगळी सारखीच होतात.
कवटी मात्र ज्याची त्याची.

ती कोरियाची बाई, ओक-जू,
गेल्या माघात तीन दिवस माझ्याशेजारी बसून होती.
फोटो नाही, वही नाही, नुसती बघायची.
दुभाष्या पोरगा म्हणाला, बाई माणसं बनवते,
सिलिकॉनची, अगदी खऱ्यासारखी.
मी म्हटलं, खरी काय कमी पडली?
त्यानं ते तिला सांगितलं की गिळलं, कोण जाणे.
जाताना तिनं केसांचं पोतं मागितलं.
कुणाचे, म्हणाली.
ज्यांचं कुणी गेलं, त्यांचे.
एवढं तरी त्यानं सांगितलं असणार,
कारण पोतं तिनं दोन्ही हातांनी घेतलं.

तिसऱ्या दिवशी निंबा खैरनार आला होता,
बापाच्या दहाव्याला.
सातपूरला प्रेस मशीनवर कामाला.
उजव्या हाताचं मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं
मशीननं ठेवून घेतलेलं.
गुरुजी म्हणाले, ओंजळ करा.
त्यानं केली, आणि पाणी फटीतून निघून गेलं,
तीळ तेवढे तळहाताला चिकटून राहिले.
गुरुजींनी मंत्र पुढे नेला.
बाईनं मान वळवली नाही.

दिवाळी झाली, आणि गंगापूर रोडच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागलं.
निंबाला मीच घेऊन गेलो, स्कूटरवर, मागे बसवून.
हॉलच्या मधोमध
पाच वर्षांच्या पोराएवढा निंबा उभा होता.
उघडा. नुकताच भादरलेला. ओंजळ पुढे.
कानामागे माझ्याच वस्तऱ्याचा ओरखडा,
सुकलेल्या टिंबासकट.
(त्या दिवशी हात कापला होता माझा. कुणाला कळलं नव्हतं.)
पोटरीवर एकेक केस रोवलेला,
इगतपुरीकडे भाताची आवणी करतात तसा.
किती घरांचं सुतक त्या एका पोटरीवर.
आणि फटीतून गळणारं पाणी
गळता गळता थांबलेलं.

लोक वाकून बघत होते. गुडघे टेकून बघत होते.
नखातलं ऑइल बघ, ऑइल!
एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.
उद्घाटनाला कारखान्याचे साहेब. हो, त्याच.
भिंतीवर त्यांचं नाव, सौजन्य म्हणून.
स्वर्ग त्यांना दोन बोटं उरला होता.
ओंजळीपाशी उकिडवे बसले, बराच वेळ.
म्हणाले, किती बारकाईनं पाहिलंय हिनं.
उठताना तोल गेला,
तर आधाराला मागच्याचा हात धरला.
निंबाचा. उजवा.
थँक यू, म्हणाले, आणि सोडला.
धरलेल्या हातात काय नव्हतं
ते त्यांच्या हाताला कळलं नाही.

निंबा चिडला नाही. मी चिडलो.
तो पुतळ्याकडेच बघत होता.
म्हणाला, दादा, हा मी नाही.
टक्कल केल्यावर मी आरशात बघितलंच नव्हतं.
हा आमचा आप्पा आहे.
मग थोड्या वेळानं:
पण आप्पाची बोटं होती.

पंधरा दिवसांनी आला, दाढी-कटिंगला,
घाटावर नाही, माझ्या पंचवटीतल्या दुकानात.
आरशापुढे बसवला. फडकं बांधलं.
किती ठेवू?
त्यानं सवयीनं हात वर केला माप दाखवायला,
आणि आरशात
पहिलं बोट, मग हवा, मग करंगळी.
दोघंही बघत राहिलो त्या मापाकडे.
बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी सुट्या पैशांवरून भांडत होता.

मी माझी दोन बोटं
त्याच्या केसांत घातली,
आणि वर उरले तेवढे कापले.