पाव मैल

गड्ड्याचे पाळणे उतरले, की दुसऱ्या शनिवारी
आम्ही कुंभारीच्या पुढे जातो.
तिथे कुणीतरी प्लॉट पाडले, कमान उभी केली,
सुतासारखा डांबरी रस्ता ओढला,
आणि घरं आलीच नाहीत.
दोन्हीकडे ज्वारी, मधे पाव मैल.
निम्म्या रुंदीत खड्डे, म्हणून एका वेळी एकच गाडी.

फक्की मी मारतो.
छत्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर मारली,
अजून डबा हलवताना रेघ वाकत नाही.
पाठ वाकली, तो भाग वेगळा.
शिट्टी माझी. घड्याळही माझंच,
चावीचं, निकेलचं,
शाळेच्या दप्तरी ‘गहाळ’ म्हणून नोंदलेलं.

गफ्फार नदाफची हेराल्ड:
दार लावायला लाथ, उघडायला विनवणी.
माळग्यांची कॉन्टेसा, ती जुनी धरायची का नाही
यावर दर वर्षी भांडण, आणि दर वर्षी ती धावतेच.
रेवणसिद्धाची डिझेल अँबॅसडर
शर्यतीत कुणी मोजत नाही, तोसुद्धा नाही,
पण कडक भाकरी, शेंगाचटणी, दह्याचं भगुणं
तिच्याच डिकीतून येतं,
म्हणून पहिली धाव तिची.

आणि अंबादास चिलवेरीची फियाट, चौऱ्याहत्तरची.
रात्रभर ती चादरीखाली झोपते.
चादर त्याच्याच मागावरची,
मोर उलटा पडला म्हणून न खपलेली.
सकाळी तिची घडी करून तो सीटवर टाकतो,
वर बसतो, तेव्हा कुठे त्याला बॉनेटपलीकडचं दिसतं.

“इंजन तापलालंय की सर, लवकर सोडा!”
पलीकडच्या टोकाला हिरवा पंचा पडतो.
माझ्यापर्यंत आधी पंचा येतो, मग आवाज,
मग धूर, मग गाडी.
शेळ्या मान वर करतात, पुन्हा खाली घालतात.
तेवीस सेकंद. चोवीस. सव्वीस.
एवढ्यात सायकलवालाही आला असता,
असं म्हणणाऱ्याला आम्ही दही वाढत नाही.

गेली पाच वर्षं फियाट जिंकते,
दोन दशांशांनी, कधी तीन.

रविवारी गफ्फारची शाहीन आली,
पुण्यात इंजिनिअरिंग शिकते.
रेघेजवळ काठी रोवून तिने फोन बांधला.
दुपारी, सगळे हात धूत असताना,
माझ्याशेजारी येऊन उकिडवी बसली.
“सर, हे बघा.”

हेराल्ड रेघेवरून जाते, आणि मग माझा अंगठा दबतो.
कॉन्टेसा जाते, मग अंगठा.
अँबॅसडर जाते, बऱ्याच वेळाने अंगठा.
फियाट अजून रेघेच्या अलीकडे,
हातभर, दोन हात,
आणि अंगठा दबलेला.

तिने पुन्हा लावलं. मी पुन्हा बघितलं.

एकोणऐंशी साल. सातवी ब. शंभर मीटर.
अनवाणी चिलवेरी, खाकी चड्डी एका हाताने धरून,
सगळे पाणी प्यायला गेले तरी धावतोय,
आणि मी घड्याळ आधीच बंद केलेलं,
कारण शेवटच्याची वेळ लिहायला रकानाच नव्हता.

मी विसरलो होतो.
अंगठा नव्हता विसरला.

“वहीत काय लिहू?” तिने हळूच विचारलं.
तिच्या बापाची गाडी, तिच्या हातात पुरावा,
आणि तरी आवाजात एवढी सावली.
मी म्हटलं, “जे दिसतं ते.”
आणि घड्याळ तिच्या तळहातावर ठेवलं.
ते तिला जड वाटलं. जडच आहे ते.

शेवटची फेरी उन्हं कलल्यावर.
मी रेघेपासून लांब, कमानीला टेकून,
हात खिशात.
हिरवा पंचा पडला.
आवाज आला. धूर आला.
स्टिअरिंगवर, उलट्या मोरावर बसून,
मान ताणलेला चिलवेरी आला,
मागे कुणी आहे का बघत,
मागे कुणी नसताना.

खिशात अंगठा दबला.
आधी की नंतर,
ते तिकडे शाहीन बघत नव्हती,
आणि मलाही विचारू नका.