सांधेवाला

दिरे दावाच्या जुन्या यार्डात सव्वीस वर्षं
मी सांधे बदलले.
दांडा लोखंडी, कमरेएवढा,
दुपारी फडक्याशिवाय हात लावायची सोय नाही.
हुकूम फ्रेंचमध्ये यायचे,
शिव्या आम्ही सोमालीत द्यायचो,
पगार अम्हारीत मोजायचो, दोनदा.
गाडीची मात्र एकच बोली,
खडक-खट, खडक-खट,
रुळाच्या प्रत्येक सांध्याला एक अक्षर.
खाटेवर पडल्या पडल्या सांगायचो मी
वेग किती, डब्यांत मीठ आहे की माणसं,
आणि ड्रायव्हर वोंदिमूने
आज रात्रीसुद्धा घेतलीय का.

ती बंद झाली असं कुणीच सांगितलं नाही.
आधी रोज, मग आठवड्यातून,
मग एका मंगळवारी मी सांध्यांना तेल घालून बसलो
आणि आलीच नाही.
पुढच्या मंगळवारीही तेल घातलं.
स्वतःच्या पैशाचं.
हे बायकोला अजून माहीत नाही.

नवी लाइन आली ती गावाबाहेरून.
रूळ आमच्या रुळांहून दोन विती रुंद,
वर विजेची तार, काचा बंद.
अस्कालेने आयुष्यभर फलाटावर संत्री विकली,
एरेर, अफदेम, मिएसोपर्यंत तिची साल उडत जायची.
ती पाटी घेऊन बजाजने गेली नव्या स्टेशनवर,
जायचेच पैसे संत्र्यांहून जास्त.
काचेआड एक पोरगं तिच्याकडे बघत होतं.
तिने संत्रं वर धरलं.
पोराने हात हलवला.
गाडी वेळेवर सुटली.

पुतणी सेलामाविट अदिसला असते,
शहराच्या गाडीच्या कंट्रोलरूममध्ये.
म्हणाली, काका, सांधे आता मी बदलते.
गेलो बघायला.
भिंतभर पडदा, त्यावर रेघा,
चहाचा पेला डाव्या हातात तसाच,
उजव्याचं एक बोट टेकवलं तिने
आणि कोसभर लांब कुठेतरी
एक सांधा सरकला म्हणे.
मी विचारलं, नीट बसला हे कळतं कसं?
हिरवा होतो.
आणि आवाज?
ती जरा थांबली. हसली नाही, हे तिचं मोठेपण.
म्हणाली, इथवर येत नाही.

मग तिकीट काढून बसलो.
खांबांवरून गाडी जाते, पत्र्यांच्या वर,
वाळत घातलेल्या चादरींच्या वर,
पुढे खाली उतरते आणि दोन्हीकडे भिंत.
शेजारच्या बाईने बोट दाखवलं,
ते निळं दार माझ्या बहिणीचं.
पूर्वी मीठ संपलं की हाक मारायची,
आता पूल चढायचा, पूल उतरायचा,
म्हणून मीठच दोन किलो आणून ठेवते.
तिची तक्रार नव्हती.
दवाखाना आता वीस मिनिटांवर आलाय, हेही तीच म्हणाली.

मी पायांनी ऐकत होतो.
काही नाही.
रूळ एकसंध, वितळवून जोडलेले,
कुठे खाच नाही, कुठे अक्षर नाही.
वेग किती, मला सांगता येईना.
अख्ख्या त्या गाडीत सांधे
माझ्या गुडघ्यांत तेवढे उरले होते.

घरी परतलो आणि थेट यार्डात गेलो.
शेळ्या हाकलल्या, दांडा धरला, ओढला.
करकरला, निम्म्यावर आला आणि अडकला.
अर्धवट सांधा.
नोकरीच्या पहिल्या दिवशी
हेच शिकवलं होतं आम्हाला कान पिळून,
डावा चालेल, उजवा चालेल,
अर्धवट ठेवून घरी जायचं नाही.

आता इथे गाडी येणार नाही.
मला ठाऊक आहे, मी काही वेडा नाही.
तरी रॉकेल आणलं, चिंधी आणली,
दगडाने ठोकत राहिलो,
मशिदीतून संध्याकाळची बांग झाली,
बायकोने पोराला बोलवायला धाडलं,
तो उभा राहून बघत बसला, मग त्यानेही हात लावला.

अंधार पडता पडता लागला.
खट्.
समुद्राच्या बाजूला.