साक्ना, साप्ना

पहाटे पावणेपाच. मासे कापायच्या पाळीला अजून सव्वा तास.
ईसाफ्योर्दुरच्या काळोखात, ओट्याशी उभ्यानेच
बोगुमिवा फोन उघडते.
एकशे बारा कार्डं वाट बघतायत,
त्यातली चाळीस कालचीच, तोंडही न धुता परत आलेली.

आलेला शब्द शहाण्या पाहुण्यासारखा:
चार दिवसांनी येतो, मग बारा, मग महिन्याने,
पुढे नुसतं नाताळात एखादं पत्र.
चुकलेला मात्र दहा मिनिटांत पुन्हा दारात.
काही विसरलं का?
हो, तूच मला.

डावीकडे लाल बटण: चुकलं.
उजवीकडे हिरवं: आलं.
मध्ये तिचा अंगठा, बर्फातल्या कॉडने बधिरलेला,
आणि कोणी बघत नाहीये.

गेल्या हिवाळ्यात ती खोटं बोलायला लागली होती.
फार नाही. 'आलंच होतं की जवळजवळ' इतपत.
एखादं अक्षर इकडचं तिकडे,
घोडा आला, 'घोड्याकडून'पाशी अडला,
हिरवं.
हिरवं.
ढीग उतरला, आलेख चढला, पडद्यावर कागदी फुलं उधळली.
आणि फेब्रुवारीत दवाखान्यातून फोन आला तेव्हा
हे सगळे हिरवे शब्द हातावर तुरी देऊन पसार.
ती नुसती हो, हो म्हणत राहिली
आणि नको त्या दिवशी, उपाशीपोटी,
दुसऱ्याच कुणाच्या तपासणीला जाऊन बसली.

त्यानंतर लाल म्हणजे लाल.

पण एक जोडी काही सुटेना.
साक्ना म्हणजे आठवण येणं,
साप्ना म्हणजे साठवणं.
(लिहायचा फ आणि म्हणायचा प, ही आणखी वर खोड.)
एकोणतीस वेळा चूक.
हे कार्ड जळवेसारखं चिकटलंय, काढून टाकू का?
फोनने विचारलं.
राहू दे, म्हणाली पोलिशमध्ये.

मे महिन्यात आउसगेर्दुर निवृत्त झाली.
एकतीस वर्षं त्याच पट्ट्याशी, डाव्या हातात सुरी.
केकशेजारच्या कागदावर बाकीच्यांनी नुसत्या सह्या केल्या.
बोगुमिवाने अख्खं वाक्य लिहिलं, कुणालाही न विचारता:
'आम्ही तुला खूप साठवू.'

आउसगेर्दुरने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. दोनदा वाचलं.
'कशात? बरणीत, की खारवून पिंपात?'
सगळी पाळी हसली, कधी न हसणारा फोरमन हाउल्फ्दाउनसुद्धा,
आणि बोगुमिवाचे कान पेटले, त्या डाव्या बटणासारखे.
ती पेन घेऊन खोडायला धावली
तर म्हातारीने कागद घडी करून ॲप्रनच्या खिशात घातला.
'असू दे गं. आठवण काढणारे आहेत दोन-चार.
पिंपात ठेवणारं कोणी नव्हतं.'

आता फोनशेजारी एक वही असते, माशांच्या वासाची.
काय चुकलं ते ती लिहीत नाही,
चुकून कोण आलं त्याचं नाव लिहिते.
शंभर विचारले, कुत्रा आला.
मित्र विचारला, काम आलं.
(इथे तिने समासात पेन्सिलीने: खरंय.)
बोलावलं एकाला की शेजारचा उठून येतो,
त्याला हाकलायच्या आधी बस म्हणावं,
कुठला, कुणाचा, विचारावं.
वही अर्धी भरली. तिच्यात एक गावच झालंय,
सगळे चुकीच्या घरात राहणारे.

आज पहाटे कार्ड उलटलं: साक्ना.
अंगठा थांबतो.
आधी पिंप दिसतं. मीठ. झाकणावर आउसगेर्दुरचा चष्मा.
छे, हे त्या दुसऱ्याचं.
म्हणजे हा उरलेला.
आठवण येणं.

हिरवं. खरोखरचं.
आता चार दिवसांनी, फोन म्हणतो.

ती कॉफी ओतते, बूट चढवते, दिवा मालवते.
पुढचे चार दिवस तो येणार नाही,
आणि जिना उतरताना तिला उगीचच
चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.