नकार आधी

पहिल्या दिवशी सेलोकर सरांनी सेट हातात दिलाच नाही.
सिव्हिल लाइन्सच्या ठाण्यात, कुलरच्या घरघरीत
तासभर नुसतं ऐकायला बसवलं.
“रस्ता ओलांडतानी पाह्यतेस न दोन्हीकडं?
हाही रस्ताच हाय. दोघं संगंच बोलले
का दोघायचंही गेलं.”

मग बटण. दाबायचं, एक श्वास थांबायचं.
आधी त्याचं नाव, मग आपलं,
शेवटी ओव्हर, म्हणजे आता तू.
आकडे सुटे. सत्तावीस म्हटलं की
खरखरीतून सदतीस निघतो,
आणि बंब दहा घरं पुढं जाऊन उभा राहतो.
दोन. सात. पोराच्या पाटीवर लिहिल्यासारखं.
श शहामृगाचा, स सशाचा.
“सशात तं दोन्ही हायेत न, सर,” मागून कुणी म्हणालं.
सर थबकले. तेव्हापासून स साखरेचा.
आणि ‘हाव’ बंद.
अख्खं नागपूर ज्याच्यावर होकार देतं
तो शब्द सेटवर नुसता उसासा वाटतो.

वही कधीच हरवली. राहिलं ते एवढं:
“आपल्या भाषेत नकार शेपटीले असते, कुंदा.
‘आत जाऊ नको.’ घाईत बोट आधी सुटलं
का ‘नको’ तुह्याजवळच राहते
अन् त्याच्याजवळ पोचते ‘आत जाऊ’.
म्हणून नकार आधी. थांब म्हण. मंग बाकीचं.”
कुणाचं बोट, कोणत्या साली, मी विचारलं.
त्यांनी चहा बशीत ओतला.

मे महिना. दिवसा चार-सहा चढलेला पारा
रात्रीही उतरला नव्हता.
कळमन्यात मिरचीचं गोदाम पेटलं,
भिवापुरी, छतापर्यंत पोती, वारा उलटा.
“कळमना एक, कंट्रोल. कुठं आहात? ओव्हर.”
आत दुर्योधन नंदनवार होता.
आतून ठसका आला. ठसक्याला ठसका.
मग खरखर.

मला ओरडायचं होतं. ओरडलं की आवाज फाटतो,
हेही शिकवलेलं होतं.
“कळमना एक, बोलू नका.”
बोट सुटायच्या आत कळलं, मीच ‘नका’ शेवटी टाकलं.
“गप्प राहा. गप्प. फक्त बटण.
हो असेल तर दोनदा, नाही तर एकदा. ऐकू येतं? ओव्हर.”

टक. टक.

“पश्चिमेचं शटर दिसतं? ओव्हर.”

टक.

आणि मग काहीच नाही.
हे ‘नाही’ होतं, की अर्ध्यात कापलेलं ‘हो’?
समोरच्या भिंतीवरचा सेकंदकाटा
मी इतका जवळून कधी पाहिला नव्हता.

“थांबा. तिथंच. भिंत हाताला लागते? ओव्हर.”

टक. टक.

“तीच धरून बसा. कळमना दोन येतंय. ओव्हर.”

त्याला काढलं तेव्हा दोन तीन पाच वाजले होते, म्हणजे
पहाटेचे तीनला पंचवीस कमी.
आठ दिवस त्याला आवाज नव्हता.
कँटीनवाल्यानं चहा विचारला की
टेबलावर बोटानं टक टक.

रिटायर झालेल्या सरांना मी सकाळी फोन लावला.
सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मधे एक शब्द नाही,
जणू त्यांच्याकडेच बटण होतं आणि ते सोडलेलं होतं.
मग विचारलं, “नकार आधी देल्ला?”
“हाव,” म्हटलं मी, आणि जीभ चावली.
पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.
या वेळी त्यांनी टोकलं नाही.