डावी ओळ

वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात :
मोहाडी, तालुका दिंडोरी. शेड नंबर दोन.
मधे चालायची वाट, डावीकडे सहाशे, उजवीकडे सहाशे.
उजव्या ओळीला शतावरी, शेवग्याचा पाला,
मेथी, चिमूटभर ओवा,
आणि दसरा उलटल्यावर मार्केटाबाहेर
कुणी न उचललेला झेंडू, वाळवून, चुरून.
डाव्या ओळीला मका, सोयापेंड, शिंपल्यांचा चुरा.
इतकी वर्षं चाललंय ते.

त्याआधी अंबडहून एक पोरगा आला होता पाकीट घेऊन.
पाकिटावर हिरवं पान, पानावर कोंबडी,
कोंबडीच्या चोचीला माणसाचं हसू.
म्हणाला, ताई, शंभर टक्के वनस्पती.
म्हटलं, धोतराही शंभर टक्के वनस्पतीच की रे.
तो हसला नाही. चहा मात्र घेतला.
पाकीट परत दिलं,
मागची नावं तेवढी उतरवून ठेवली.

शेवगा बांधावर होताच.
शतावरीच्या मुळ्या कावजींनी आणल्या सुरगाण्याहून,
पुतणीच्या लग्नातून येताना
आहेराच्या टॉवेलात गुंडाळून.
माती झटकली नव्हती. म्हणाले, मातीतच टिकतात.

मोगल डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं,
बाकी सगळं सारखं ठेवा,
पाणी, उजेड, वेळ. नाहीतर आकड्याला अर्थ नाही.
मी आकड्याला अर्थ यावा म्हणून
सकाळी साडेसहाला ट्रे घेऊन उभी.
उजवी चारशे नव्वद.
डावी चारशे बासष्ट.
अशी पाच पानं भरली,
आणि खरं सांगते, मला गुर्मी चढली.
नणंदेला फोन केला. विंचूरच्या मामांना केला.

मग एप्रिल. पत्रे तापले,
गोणपाट भिजवून टांगले तर दुपारपर्यंत कोरडे ठाक.
दोन्ही ओळी चोची उघड्या टाकून धापा टाकत.
उजवी चारशे सत्तर.
डावी चारशे त्र्याहत्तर.
पुन्हा मोजली. काटा तपासला,
वाण्याकडचं किलोचं माप आणून तपासला.
दुसऱ्या दिवशी डावी पाचाने पुढे.
रात्री वही मिटून बसले,
वाटलं, धोतरा मीच खाल्ला की काय.

डाव्या ट्रेमधलं एक तडकलेलं अंडं
तव्यावर फोडलं, सकाळी, घाईत.
बलक पसरला तो झेंडूच्या रंगाचा.
झेंडू. डाव्या ओळीत.
गॅस बंद करायचं राहून गेलं, पोळा करपला.

संध्याकाळी खताच्या गोण्यांमागे उभी राहिले,
स्वतःच्याच शेडमध्ये चोरासारखी.
कावजी आले. सदऱ्याचा सोगा धरलेला, सोग्यात पाला.
डाव्या ओळीच्या पन्हाळीवरून
हळूहळू भुरभुरत गेले,
तिखटमीठ टाकावं तसं.
मी खोकले.
ते दचकले नाहीत. सोगा झटकला.

"त्या मान बाहेर काढून बघायच्या वो,
समोर पडतंय, आपल्याकडं नाही.
त्यांनी काय घोडं मारलंय आपलं?"
मग जरा थांबून,
"आन् गाडी तर एकच येनार हाये दोघींना."

गाडी. अंडं थांबलं की येते ती,
जाळीची, पहाटेची.
तिच्याबद्दल वहीत रकाना नाही.

मला रागवायचं होतं. शब्द जुळवले होते.
एवढंच विचारलं, किती दिवस झाले?
"पाडव्यापासनं."
म्हणजे माझी गुर्मी चालू होती तेव्हापासून.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला, काय निघालं?
म्हटलं, काही निघालं नाही.
पाल्याने झालं, की गोणपाटाने,
की रोज संध्याकाळी कुणीतरी हळू चालत गेल्याने,
वही सांगत नाही.
कवच मात्र जाड आहे, बोटाला कळतं.

आता बाराशेंचं वाटण.
मिक्सरचं भांडं दोनदा जळालं,
शेवगा खालून वरपर्यंत ओका झालाय,
ओव्याचा वास हाताला, भाकरीला, सुट्ट्या नोटांना.
डावी-उजवीचे रकाने अजून आखते,
सवय म्हणून.
कावजी विचारतात, आज कोन पुढं?
आणि मी सांगते,
कधी ही, कधी ती.