त्यानं मान हलवली

आमच्यात भाषा नव्हती. बोटं होती.
मांड्यांच्या आडोशाला एक बोट म्हणजे वेगाचा, सरळ.
दोन म्हणजे वळणारा.
चार बोटं हलवली की तो हळू येणारा, फसवा,
ज्याच्यासाठी फलंदाज आधीच बॅट फिरवून बसतो.

एलिसेओ तिहेरीनो. निकाराग्वातल्या रिवासचा,
वय एकोणीस, डावखुरा.
मी त्याचा कॅचर. नेब्रास्काचा, वय एकतीस, गुडघे पन्नाशीचे.
पहिल्या रात्री मी एक बोट दाखवलं.
त्यानं मान हलवली. नाही.
दोन. नाही.
चार. नाही.
पुन्हा एक दाखवलं, तेव्हा त्यानं तोच टाकला,
माझा तळवा आठवडाभर विसरणार नाही असा.

आयोवात एप्रिल म्हणजे थंडीच.
बसचे नऊ तास, जेवणाचे पंचवीस डॉलर,
त्यातले अठरा तो घरी पाठवायचा.
सातात पाव, शेंगदाण्याचं लोणी आणि फोनकार्ड.

आईबद्दल मला तिसऱ्या मोसमात कळलं.
ती सीमेपलीकडे, कोस्टा रिकात,
बेसबॉल शिवायच्या कारखान्यात होती.
दोन सुया, मेण लावलेला लाल दोरा, एकशे आठ टाके,
चेंडूमागे काही नाणी.
टाका वाकडा गेला की नाणी वजा.

आणि आम्ही?
एकदा मातीला टेकला, की पंच तो उलटासुलटा बघणार,
बाजूला टाकणार,
पोटाशी बांधलेल्या पिशवीतून नवा काढणार.
एका सामन्यात ऐंशी, कधी शंभर.
बाद झालेल्या प्रत्येक चेंडूकडे एलिसेओ
तो गोळा करणारा पोरगा दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचा.

टल्सात, नवव्या डावात, तिसऱ्या बेसवर त्यांचा माणूस असताना
तो थांबला. चेंडू बोटांत फिरवत राहिला.
मी धावत गेलो. काय झालं?
"हा तिचा आहे," तो म्हणाला.
"इथे, शिवण नालेसारखी वळते ना, तिथे ती दोरा जरा जास्त ओढते."
मी अंगठा फिरवून पाहिला.
खोटं कशाला बोलू, मला काही लागलं नाही.
परत येऊन चार बोटं दाखवली. तो लगेच हो म्हणाला.
चेंडू कुंपणावरून गेला, गाड्यांच्या तळावरूनही गेला.
आम्ही हरलो, आणि हा हसत होता.
मॅनेजरनं त्या हसण्याचा दंड लावला.

वर, मोठ्या लीगमध्ये, तो एकोणीस दिवस होता.
मी मोटेलच्या टीव्हीवर बघितलं:
बोटं दुसऱ्याची,
आणि हा प्रत्येक खुणेला हो म्हणत होता.
तेव्हाच मला काळजी वाटली.

विसाव्या दिवशी कोपर गेलं. ओला दोर तुटावा तसा आवाज आला म्हणे.
मनगटातली कंडरा काढून, हाडाला भोकं पाडून,
डॉक्टरांनी ती कोपरात ओवली.
मी भेटायला गेलो तेव्हा तो टाके मोजत होता.
"बावीस," म्हणाला. "आणि वाकडे.
कारखान्यात याचे पैसे कापले असते."

हात परत आला. ताशी पाच मैल आले नाहीत.
पाच मैल म्हणजे काय मोठं? चालत दीड-दोन तास.
ते शोधायला तो मेक्सिकोत गेला, तैवानला गेला,
शेवटी मानाग्वात, अर्ध्या भरलेल्या मैदानात,
जिथे त्याला चौदा वर्षांचा असल्यापासून ओळखणारा बर्फगोळेवाला
त्याचं नाव घेऊन शिव्या द्यायचा.

आता तो बेकरीची गाडी चालवतो.
आई घरी असते, तिची बोटं मिटत नाहीत.
खेळ तिला कधी पटला नाही, असं तो सांगतो.
इतकं नीट शिवायचं, आणि मग काठीनं बडवायचं?

परवा फोनवर आम्ही बराच वेळ गप्प होतो.
स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली
माझं एक बोट आपसूक खाली आलं.
तिकडून काहीच आवाज नाही.
मला खात्री आहे, त्यानं मान हलवली.